उंबरठ्याचा ठसा

शनिवार, रात्री साडेदहा. वाई.

आज वाड्याच्या लाकडादगडांवर कागद टेकवून, वरून मेणखडू घासून सात ठसे घेतले. बोटं काळी आहेत, साबणाने निघत नाहीत. तशाच बोटांनी लिहायला बसले आहे.

सोमवारी वाडा पाडायला घेणार. मधल्या आळीतला आमचा वाडा. अठरा वाटेकरी, त्यातले पाच परदेशात, दोघांचा आपसात अबोला. डागडुजीला कोणी पैसे काढेना आणि दोन पावसाळ्यांपूर्वी परसाकडची भिंत बसली. सह्या सगळ्यांनी केल्या. माझीही आहे. हे आधी लिहून ठेवते. नाहीतर पुढचं सगळं वाचताना वाटेल की वाडा कोणी दुसऱ्यांनीच पाडला.

शाळेत असल्यापासून मी वाई रंगवते आहे. इंटरमिजिएटच्या परीक्षेआधी आमच्या चित्रकलेच्या सरांनी पलीकडच्या काठावर नेऊन बसवलं होतं. समोर ढोल्या गणपती, शेजारी काशीविश्वेश्वर, खाली घाटाच्या पायऱ्या आणि पाण्यातलं प्रतिबिंब. सर म्हणाले, "उन्हातली शिखराची बाजू रंगवायची नाही. कागद कोरा सोडायचा. जलरंगात काय सोडायचं ते कळलं की चित्र जमलं." ते वाक्य मी आज माझ्या विद्यार्थ्यांना तसंच्या तसं सांगते. महाराष्ट्रातल्या कितीतरी कला महाविद्यालयांची मुलं निसर्गचित्रासाठी वाई-मेणवलीला येतात आणि त्याच काठावर, त्याच कोनात बसतात. तो कोन आहेच सुंदर. गणपतराव रास्त्यांनी 1762 साली देऊळ बांधलं तेव्हा पुराचं पाणी फुटावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली. नदीचा स्वभाव ओळखून बांधलेली ती वळणदार भिंत रंगवताना हात आपोआप हळू होतो.

गेल्या दिवाळीत आईकडचं कपाट आवरताना माझी जुनी चित्रं निघाली. फरशीवर ओळीने मांडली. सगळ्यात जुनं 1994चं, सगळ्यात नवं गेल्या वर्षीचं. आणि मला कळेना की यांत फरक काय आहे. कागद सुधारला होता, पाण्यावर हात बसला होता, एवढंच. या मधल्या काळात ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल पाडून नवा झाला. आमच्या आळीत रस्त्याकडेने बारा वाडे होते, आता तीन आहेत, सोमवारनंतर दोन. शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे आईला भाजी आणायला रस्ता ओलांडता येत नाही. यातलं काहीही माझ्या एकाही चित्रात नाही. फ्लेक्स सोडला, तारा सोडल्या, गच्चीवरच्या काळ्या टाक्या सोडल्या. सरांनी शिकवलं तसं नेमकं सोडत गेले. हिंदी सिनेमावाल्यांनी याच घाटाला कधी बिहार केलं, कधी उत्तर प्रदेश. त्यांचा मला राग यायचा. पण त्यांनी पाटी तरी बदलली होती. मी खाली 'वाई' असं लिहून सही करत होते.

मग हिवाळाभर उलटं करून पाहिलं. टाक्या रंगवल्या, तारा रंगवल्या, शटर, अपार्टमेंटच्या काचा, सगळं. आठ चित्रं झाली. पुण्याला शाळेतल्या सहकाऱ्यांना दाखवली. एकजण म्हणाले, "कराड का?" दुसऱ्या बाईंना ते चाकण वाटलं. त्या दोघांचं काही चुकलं नव्हतं. नवं जे आलं आहे ते सगळीकडे सारखंच आहे, ते कितीही खरेपणाने रंगवलं तरी त्यातून वाई कशी उमटणार? देऊळ रंगवावं तर काही हरवल्याचं दिसत नाही, आणि टाकी रंगवावी तर काय हरवलं ते दिसत नाही.

हरवलं काय, ते मला चांगलं ठाऊक आहे. बाबा इथल्या मराठी विश्वकोशाच्या कार्यालयात मुद्रितशोधक होते. संध्याकाळी प्रुफं घेऊन ओट्यावर बसायचे, लाल पेन कानावर. जाणारायेणारा थांबायचा. "आज कुठलं अक्षर?" असं विचारायचा आणि बाबा सांगायचे. आमच्या आळीतल्या दूधवाल्यालाही माहीत होतं की विश्वकोशाचं काम कुठवर आलंय. 1976ला पहिला खंड निघाला तेव्हा मी जन्मले नव्हते, पण तो ओट्यावर कोणी कोणी हातात घेऊन पाहिला याची यादी मला तोंडपाठ आहे, इतक्यांदा ती ऐकली आहे. आमचा दिंडी दरवाजा झोपायच्या वेळीच लागायचा. माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव आला की आधी भीमकुंड, मग धर्मपुरी, मग गंगापुरी असा आळ्यांचा क्रम नसायचा डोक्यात, फक्त 'आपल्या आळीचा' कधी एवढंच असायचं. घाटावर पंगत बसली की मीठ वाढायचं काम नऊ वर्षांच्या मुलींचं. मी ते केलं आहे. कोणाच्या पानात किती मीठ लागतं हेसुद्धा ठाऊक झालं होतं.

हे दुरून, पलीकडच्या काठावरून दिसणारं नव्हतंच कधी. ते हाताच्या अंतरावर होतं.

ठशाची कल्पना मला शाळेत सुचली, पाचवीच्या तासाला. मुलं कागदाखाली नाणं ठेवून वरून पेन्सिल घासत होती. हा खेळ सगळ्यांनीच खेळलेला. शिलालेख वाचणारी मंडळी ठसे घेतात ते तंत्र वेगळं, पण मूळ तेच: पाहून काढायचं नाही, टेकवून घ्यायचं. यात काही सोडता येत नाही. कागदाखाली जे आहे तेच उमटतं, आणि जेवढ्यास तेवढं.

पुण्याच्या हातकागद संस्थेतून पातळ कागद घेऊन आले, काळे मेणखडू घेतले आणि काल संध्याकाळपासून वाड्यात आहे. वीज तोडलेली, त्यामुळे उजेड असेपर्यंतच काम. दिंडीची कडी आणि तिने फळीवर कोरलेली अर्धवर्तुळं. सोप्यातल्या खांबाचं कमळ, त्याची एक पाकळी काकाच्या मुंजीत मांडव बांधताना तुटली होती ती तुटलेलीच आली. देवळीची कड. माजघरातल्या दाराची चौकट, तिच्यावर आम्हा भावंडांच्या उंचीच्या खुणा. चाकूने केलेल्या, म्हणून ठशात पांढऱ्या आल्या. दादाची सगळ्यात वरची.

उंबरठ्याला सगळा दुपारचा वेळ गेला. तो दगडी आहे. दोन्ही टोकांना पाथरवटाच्या टाकीचे घाव अजून शाबूत आहेत, त्यामुळे तिथे काळ्यात पांढरे ठिपके उठले, पावसाच्या पहिल्या थेंबांसारखे. मधे येता येता ठिपके विरळ झाले आणि बरोबर मध्यावर, दीड वीतभर, नुसता सपाट काळा. एकही घाव नाही. पायांनी पुसून टाकलेले. मी त्याच जागी हात फिरवत राहिले, वाटलं मेणखडू नीट लागला नसेल. मग लक्षात आलं की लागला आहे, तिथे घासायला काही उरलेलंच नाही. आजी, पणजी, बाबा, दूधवाला, पेपर टाकणारा, मिठाची वाटी घेऊन पळणारी मी, सगळ्यांनी मिळून झिजवलेली दीड वीत.

खूप वेळ बसून राहिले तिथेच.

संध्याकाळी समोरच्या काकू आल्या. त्र्याऐंशी वर्षांच्या, काठी टेकत. "काय गं, दिवसभर जमिनीवर बसून काय करतीयेस?" मी उंबरठ्याचा ठसा भिंतीला लावून दाखवला. त्यांना काही कळेना. म्हणाल्या, "हे काय उभं धरलंयस? खाली टाक बघू." सोप्यात जमिनीवर अंथरला. त्या वाकून बघत राहिल्या, मग काठी बाजूला ठेवली, माझा खांदा धरला आणि कागदावर पाय न देता त्या काळ्या दीड वितीवरून पलीकडे गेल्या. मधोमध. डावा पाय आधी. "तुझी आजी इथं उभी राहायची," त्या म्हणाल्या, "आणि मी इथं. विरजण मागायला यायचे ना." मग थोड्या थांबून, "आत ये म्हणायची, पण मी कधी बसले नाही. घरी सासूबाई होत्या."

हे मला माहीतच नव्हतं.

जाताना त्यांनी विचारलं, त्यांच्या उंबरठ्याचा करून देशील का. त्यांच्या मुलांचंही बिल्डरशी बोलणं चालू आहे. म्हटलं, देते की.

म्हणजे उद्या सकाळी आधी ओटा. ओट्याच्या दगडात वाघ-बकरीचा पट कोरलेला आहे, त्यावर धूळ आणि चुना बसलाय, तो ओल्या फडक्याने काढून वाळायला तासभर ठेवायला हवा. मग बाबा जिथे बसायचे तो कोपरा. मग काकूंचा उंबरठा. मेणखडू दोनच उरलेत. बाजारपेठेत दुकान दहाला उघडतं, आणि उद्या रविवार. सहाला उठायला हवं.