आमची वाटचाल : गनड्रिल ते रायफलची नळी

भोसरीच्या टूलरूममध्ये ‘गनड्रिल’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा तोंडात यायचा. लांब, सरळ भोक पाडायचं हत्यार ते. बंदूक मात्र कधी हातात धरली नव्हती. पेनसिल्वेनियात आलो तरी काम तेच, फक्त जॉब वेगळे. आता जुन्या रायफलच्या नळ्या आतून कोरून देणं हा आमचा धंदा.

मग एकदा शेजारचे म्हातारे शेतकरी आपल्या आजोबांची रायफल घेऊन दारात उभे राहिले. विंचेस्टर मॉडेल 94, काडतुसाचं माप .32 स्पेशल. इकडे हरणांचा हंगाम म्हणजे गावजत्राच, शाळांनासुद्धा सुट्टी. पण ह्या रायफलची नळी आतून पार खाल्लेली. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की मागे उरायचा क्षार, मिठासारखाच ओल धरणारा. तो पाण्यानंच निघतो. आजोबा इमानेइतबारे तेल लावत राहिले, आणि तेलाखाली गंज वाढत गेला.

“नवी नळी घाला,” मी म्हटलं. म्हाताऱ्यांना ते पटेना. नळीवरची अक्षरं आजोबांच्या वेळची होती.

दुसरी वाट म्हणजे तीच नळी आतून मोठी करून .38-55 करायची. हे काडतूस 94 मॉडेलला परकं नाही. 1894 साली ही रायफल निघाली ती .32-40 आणि .38-55 ह्या दोनच मापांत. .30-30 आणि .32 स्पेशल मागाहून आली, तीही .38-55 चंच तोंड आवळून. त्यामुळे बुडाची कड तीच, काडतूस मागून धरणाऱ्या बोल्टला हात लावावा लागत नाही. नवं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, जुन्याला पुरतं गिळतं; जुनं जिथं अरुंद व्हायचं त्या खांद्याची खूण राहत नाही. हे जुळत नसेल तर आम्ही काम घेतच नाही.

धंदा म्हणून दुसऱ्याची बंदूक दुरुस्त करायची तर इथं केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि मुक्कामी राहिलेल्या बंदुकीची आवक-जावक वहीत नोंदवावी लागते. परवाना आल्या दिवसापासून ती वही हिच्या ताब्यात आहे. मला हात लावू देत नाही.

सरावाची पहिली नळी मी वाया घालवली. टूलरूमच्या सवयीनं रीमर, म्हणजे भोक मोठं करायचं हत्यार, ढकलला. लांब दांडा लवला, आत चॅटरच्या, म्हणजे थरथरीच्या, लाटा उठल्या. रीमर ओढायचा असतो, हे त्या दिवशी कळलं. मग आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या पिळदार खाचा. .32 स्पेशलचा पीळ सोळा इंचांत एक फेरा, .38-55 चा अठरा इंचांत. म्हणजे जुन्या खाचांचा मागमूस ठेवून चालत नाही. खाच चारेक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) खोल, कटर एका पासला थाऊचा दहावा हिस्सा घेतो. सहा खाचांचे मिळून अडीचशेच्या आसपास पास, मध्येमध्ये तेल आणि चिप काढणं. बटण, म्हणजे खाचांचा ठसा दाबून उमटवणारं कडक हत्यार, ओढून आटे पाडले तर झटपट होतं, पण आयत्या नळीवर आम्ही ते करत नाही. नेमबाजीची माशी बसवायला नळीवर आडवी खाच असते, तिथं धातू पातळ. बटणाच्या दाबानं नळी नेमकी तिथं आतून सैल पडते. कटरचं काम असलं तरी त्या खाचेखाली किती जाडी उरेल, हे आधी मोजतो. कितीतरी गिऱ्हाइकं ह्या एका मापावरून परत पाठवली आहेत.

आणखी एक नकार ठरलेला. 1964 पूर्वीची, म्हणजे जुन्या बनावटीची रायफल, आतून चांगली, आणि मालकाला नुसतं ‘काहीतरी वेगळं कॅलिबर’ हवंय, तर नाही. असली मूळ रूपातली वस्तू एकदा कोरली की संग्राहकाच्या लेखी तिची किंमत बसली.

आईला अजून नीट सांगता आलेलं नाही की मुलगा नक्की करतो काय. खंडेनवमीला फोटो पाठवतो, पाटावर मांडलेले रीमर आणि कटर, झेंडूची फुलं. तेवढं तिला पटतं.

म्हाताऱ्यांची रायफल तयार झाली तेव्हा नळीवर .38-55 चा शिक्का मारला. जुन्या .32 च्या छापावर आडवी रेघ मारली, पण वाचता येईल अशी. काडतुसं मात्र मिळेनात. कारखाने ह्या मापाची खेप अधूनमधूनच काढतात. शेवटी .30-30 च्या रिकाम्या पुंगळ्यांची तोंडं रुंदावून, जरा आखूड भरल्या तरी, त्यांनी स्वतःच वीसेक काडतुसं भरली. दुसऱ्या आठवड्यात दारात हरणाचं मांस आलं. आमच्या घरी कुणी खात नाही, ते समोरच्यांना दिलं.