बैठकीच्या खोलीची सिमेंट लादी: पस्तीस फुलं बसली

रविवारी संध्याकाळी मधला सगळा गालिचा, म्हणजे नक्षीच्या लाद्यांचा चौकोन, पुरा झाला. ३५ फुलं, म्हणजे १४० लाद्या. काठ तीन बाजूंनी बसला आहे, कपाटाकडची बाजू राहिली आहे. दोन महिने मी कागदावर जे खोडत-लिहीत होतो, ते पायाखाली दिसलं तेव्हा फार बरं वाटलं.

लादी ८ बाय ८ इंचांची, हाताने केलेली सिमेंटची. नव्याने येणाऱ्यांसाठी सांगतो, ही भट्टीतली टाइल नव्हे. धातूच्या साच्यात कप्पे असतात. पांढरं सिमेंट, संगमरवराची पूड आणि ऑक्साइड यांचा पातळ रंग प्रत्येक कप्प्यात ओततात, कप्पे उचलतात, मागून सुकं सिमेंट-वाळू भरून दाबतात आणि मग लादी पाण्यात मुरू देतात. रंगाचा थर काही मिलिमीटरचा असतो, म्हणून पन्नास वर्षं पुसूनही फूल जात नाही. आजोळच्या ओसरीवर मी हीच लादी पाहत मोठा झालो. आपल्याकडे १९२२ साली स्वदेशीच्या ओढीतून मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज सुरू झाली. तोवर चांगली नक्षीची लादी म्हटलं की ती विलायतेहून यायची. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मिंटन या इंग्लिश कंपनीच्या भाजलेल्या लाद्यांची जमीन आहे. नक्षी ठरवायच्या आधी मी तिथे अर्धा दिवस नुसता खाली बघत फिरलो.

आता मांडणी, कारण सगळा जीव तिथेच गेला.

माझ्या लादीवर पाव फूल आहे, चार जुळल्या की पूर्ण फूल. त्यामुळे गालिच्यात दोन्ही बाजूंनी लाद्यांची संख्या सम हवी, नाहीतर काठाला अर्धी फुलं चिकटतात. शिवाय फुलांची संख्या विषम हवी, म्हणजे एक फूल बरोबर मध्यावर येतं. १० बाय १४ लाद्या घेतल्या, फुलं झाली ५ बाय ७. भोवती काठाची एक ओळ, ५२ लाद्या, त्यातल्या ४ कोपऱ्याच्या. त्यापुढे भिंतीपर्यंत साधी करडी लादी, १२८. एकूण ३२०. मी मागवल्या ३५०, कारण हातच्या लादीचा रंग पुढच्या खेपेला तसाच येईल याचा भरवसा नसतो.

खोली गुण्यात नाही, म्हणजे कोपरे नीट काटकोनात नाहीत. दाराकडे रुंदी ३०२.५ सेंटिमीटर, खिडकीकडे ३०६. गालिचा खोलीच्या मध्यावर ठेवला असता तर हा साडेतीन सेंटिमीटरचा तिरकेपणा दोन्ही भिंतींना दिसला असता. म्हणून दोरी डाव्या भिंतीला समांतर धरली. दारातून आत आलं की नजर तिथेच जाते, तिथे करड्या लादीची पट्टी सलग साडेअठ्ठावीस सेंटिमीटरची. सगळा तिरकेपणा उजवीकडे ढकलला, तिथली पट्टी साडेएकतीसपासून पस्तीसपर्यंत वाढत जाते आणि तिच्यावर कपाट व पुस्तकांची मांडणी उभी राहणार. याचा दुसरा फायदा असा, की फुलांची एक रांग दाराच्या बरोबर मध्यातून सुरू होते. पूर्ण मध्य धरला असता तर ती दीड सेंटिमीटर सरकली असती, आणि एवढं सरकलेलं डोळ्याला नक्की खुपतं. पहिल्या काटकोनासाठी ६, ८, १० फुटांचा त्रिकोण दोरीने आखला. मिस्त्रींच्या गुण्यापेक्षा मोठ्या खोलीत तो जास्त विश्वासाचा.

बसवायच्या आधी सगळा गालिचा सुका मांडला, पाच वेगवेगळ्या खोक्यांतून लाद्या मिसळून. मांडलेलं पाहायला मुलगी स्टुलावर चढली आणि म्हणाली, ‘बाबा, तिकडचं फूल वेगळं आहे.’ एक लादी पाव वळसा फिरली होती. मी तिथेच उभा होतो, मला दिसली नव्हती. त्यानंतर प्रत्येक लादीच्या मागे खडूने बाण काढला, सगळे बाण खिडकीकडे किंवा ठरल्याप्रमाणे फिरवलेले.

एक चूक आवर्जून लिहितो. नमुन्याच्या सहा लाद्यांवरचे सिमेंटचे डाग काढायला मी पहिल्या मिस्त्रींना नेहमीसारखं ॲसिड वापरू दिलं. काळा रंग राखेसारखा पडला. ॲसिड सिमेंटच खातं, आणि इथे तर वरचा रंगही सिमेंटचाच आहे. त्या सहा लाद्या गेल्या. कृपया या लादीवर ॲसिड नको, लिंबू नको, व्हिनेगर नको. डाग ओल्या फडक्याने तेव्हाच पुसायचे.

आताचे मिस्त्री लादी केमिकलने, म्हणजे टाइलच्या तयार चिकट सिमेंटने लावतात आणि हाताने दाबतात, रबरी हातोडी जवळजवळ नाहीच. सांधा दोन मिलिमीटर. सांधे भरण्याआधी सीलरचा, म्हणजे लादीची छिद्रं बंद करणाऱ्या द्रवाचा, एक हात द्यायचं ठरलं आहे, कारण उघड्या लादीत गडद ग्राउट, म्हणजे सांध्यात भरायचा लगदा, शिरलं तर ते निघत नाही. ग्राउट करड्याला जुळणारं, फिकट.

पुढच्या शनिवारी उजवीकडच्या कापाच्या लाद्या. प्रत्येक तुकड्याचं माप वेगळं, म्हणून भिंतीवर पेन्सिलने क्रमांक लिहून ठेवले आहेत. उंबरठ्याशी फूल संपतं तिथे काळ्या कडाप्प्याची पट्टी घालायची की साधी लादीच सरळ न्यायची, हे अजून ठरत नाहीये. ज्यांच्या घरी अशी जमीन आहे त्यांनी दारात काय केलं, ते सांगा.