तारा विझतो तेव्हा व्हिडिओ चालू पाहिजे

"मुंबईतून कसलं आलंय आकाश!" हे मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय, आणि खरंच आहे ते, आमच्या मुलुंडच्या गच्चीवरून आकाशगंगा दिसत नाही, रात्रभर वर फिकट केशरी उजेड असतो, ज्याला तेजोमेघ आणि दीर्घिका बघायच्यात त्याने सरळ कर्जत लोकल पकडावी आणि वांगणीला उतरावं. मीही जातो, पण अमावास्येच्या जवळचा शनिवार, रजा, ढग नसणं हे सगळं जुळून यायला लागतं, म्हणजे वर्षात चार-पाच वेळा. उरलेल्या रात्री दुर्बीण कोपऱ्यात उभी. हे मला सहन होईना म्हणून मी छोटा व्हिडिओ कॅमेरा घेतला.

मुठीत मावेल एवढा आहे. सव्वा इंची आयपीस, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावायची भिंगाची नळी, काढायचा, त्या जागी हा सरकवायचा, मागून यूएसबी केबल लॅपटॉपला. आत सोनीचा आयएमएक्स २९० सेन्सर आहे. ही चिप मुळात सीसीटीव्हीसाठी बनवलेली, अंधाऱ्या गल्लीतला माणूस नीट दिसावा म्हणून, आणि हौशी आकाशनिरीक्षकांनी ती उचलली कारण जी चिप अंधारात माणूस बघते ती तारेही बघते. साडेपाच मिलिमीटर रुंद चिप, पिक्सेल २.९ मायक्रॉनचे. माझी दुर्बीण सहा इंची डॉब्सन, म्हणजे साध्या लाकडी बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण, फोकल लांबी १२०० मिमी, तर या जोडीत आकाशाचा जेमतेम पाव अंशाचा तुकडा दिसतो, म्हणजे चंद्रसुद्धा अर्धाच मावतो. आणि डॉब्सनला मोटर नाही, त्यामुळे पृथ्वी फिरते तसा तारा फ्रेमच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला साधारण एका मिनिटात निघून जातो.

ग्रहांबद्दल थोडक्यात सांगतो. १० जानेवारी २०२६ ला गुरूची प्रतियुती होती, म्हणजे पृथ्वीवरून तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता, मिथुन राशीत, आणि मुंबईतून तो जवळजवळ डोक्यावर येत होता. हवा हलत असते पण अधूनमधून क्षणभर स्थिर होते, व्हिडिओत तो क्षण सापडतो, मग दोन हजार फ्रेममधल्या चांगल्या दोनशे निवडून सॉफ्टवेअर एकावर एक रचतं. पहिल्या रात्री मी जागा वाचवायला कॉम्प्रेस्ड फाइल केली आणि गुरूचे पट्टे ओल्या बोटाने पुसल्यासारखे आले, फार वाईट वाटलं. तेव्हापासून फक्त कॉम्प्रेस न केलेली एसईआर फाइल, फ्रेममधला ६४० बाय ४८० पिक्सेलचा चौकोन कापून, सेकंदाला शंभर फ्रेम. सेकंदाला ३० एमबी जातात, जाऊ देत.

पण मला खरं सांगायचंय ते पिधानाबद्दल. चंद्र आकाशात सरकताना वाटेतले तारे झाकत जातो. शुक्ल पक्षात त्याची अंधारी बाजू पुढे असते, त्यामुळे तारा त्या न दिसणाऱ्या काळ्या कडेमागे जातो आणि चंद्राला वातावरण नाही म्हणून मंद होत होत नाही जात, एकदम जातो. आणि यासाठी काळं आकाश लागत नाही! चंद्राचाच उजेड एवढा असतो की तिथे मुंबईचा उजेड वेगळा काय त्रास देणार.

परवा षष्ठीचा चंद्र होता. ऑकल्ट नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आपल्या गच्चीचे अक्षांश-रेखांश टाकले की कुठला तारा किती वाजता जाणार ते कळतं, त्या संध्याकाळी सातव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, एक तारा होता. लॅपटॉपच्या घड्याळावर भरवसा नाही म्हणून लॅमिंग्टन रोडवरून जीपीएस मॉड्यूल आणलंय, उपग्रह सापडले की त्याचा एलईडी दर सेकंदाला लुकलुकतो, तो मी दुर्बिणीच्या नळीच्या तोंडाशी चिकटपट्टीने लावतो म्हणजे बरोबर सेकंदाच्या ठोक्याला फ्रेम किंचित उजळते. शेजारचे नाना पाण्याच्या टाकीशी खुर्ची टाकून लॅपटॉपकडे बघत बसले होते. तारा फ्रेमच्या पूर्व कडेला आणून सोडला, रेकॉर्डिंग चालू केलं, तो सरकतोय, सरकतोय, बाजूला नुसता काळोख आणि त्या काळोखात चंद्राची कड आहे हे फक्त आपल्याला माहीत.

"अरे, गेला की!" नाना उठूनच उभे राहिले.

नंतर दोघांनी फ्रेम एकेक करून बघितल्या. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. एका फ्रेममध्ये तारा आहे, चार पिक्सेलचा पांढरा ठिपका. पुढच्या फ्रेममध्ये नाही. नानांनी मला पाच-सहा वेळा मागेपुढे करायला लावलं. "आहे. नाही. आहे. नाही." चंद्र सेकंदाला साधारण एक किलोमीटर जातो, म्हणजे त्या दोन फ्रेममध्ये त्याने चाळीसेक मीटर कापले, आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडएवढं अंतर!

मी नानांना सांगितलं की याच रीतीने युरेनसची कडी सापडलीत. १० मार्च १९७७ च्या रात्री युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता, अमेरिकन शास्त्रज्ञ विमानातल्या दुर्बिणीतून बघत होते आणि आपल्याकडे तामिळनाडूत कावलूरच्या एक मीटर दुर्बिणीवर जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी बसले होते. ग्रहाच्या बाजूलाच, ग्रह नसलेल्या जागी, ताऱ्याचा उजेड मधेच क्षणभर कमी झाला, कावलूरच्या नोंदीतही ते आलं. मला हे आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

आता मला लघुग्रहाचं पिधान पकडायचंय. तिथे गंमत अशी की लघुग्रहाची सावली पृथ्वीवरून पट्ट्यासारखी सरकत जाते, एका ठिकाणाहून बघितलं तर त्या सावलीची एकच रेघ मिळते, पण पट्ट्यात आडवे पसरून तीन-चार जण बसले आणि प्रत्येकाने तारा कधी गेला कधी आला ते अचूक टिपलं तर त्या रेघा जोडून दगडाचा आकार कळतो. वसई, मुलुंड, पनवेल घेतलं तर उत्तर-दक्षिण चाळीसेक किलोमीटर होतात, तिन्हीकडे लोकल जाते. मुलुंडला मी आहे, कॅमेऱ्याशेजारी नाना आहेत. वसईला किंवा पनवेलला कुणाची गच्ची आणि सहा इंची दुर्बीण असेल तर जीपीएस मॉड्यूल मी आणून देतो.