कुणाला आढळलं?

माझ्या सादरीकरणाच्या सरावात मॅडमनी काल एवढंच विचारलं. बाकी सगळं चालवून घेतलं त्यांनी. चौथ्या स्लाइडवरचा गिचमिड आलेख, मधेच कोरडा पडलेला घसा, घाईघाईत गुंडाळलेला शेवट. १२ मिनिटांचं बोलणं १४ मिनिटं २० सेकंदांवर गेलं, त्यावरही फक्त "कमी कर" म्हणाल्या. पण सहाव्या स्लाइडवर मी "इट वॉज ऑब्झर्व्ड दॅट..." म्हटलं आणि त्यांनी हात वर केला.

"कुणाला आढळलं?"

मला प्रश्नच कळला नाही. "मायक्रोस्कोपपाशी तू होतीस ना? आणखी कुणी होतं तिथे?"

नव्हतं. (ताई होती, सुरुवातीला. पण ते वेगळं.)

तेवढ्यावर विषय संपला आणि आम्ही पुढच्या स्लाइडवर गेलो. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, परवा बोलायचं आहे, झोपायला हवं, आणि मी हे लिहीत बसले आहे.

आधी रागच आला. सगळेच असं लिहितात की. दोन वर्षं शोधनिबंध वाचून वाचून हीच भाषा अंगात मुरली: नमुने घेण्यात आले, मोजणी करण्यात आली, असे आढळून आले. शास्त्रात असंच बोलायचं असतं असं समजून मी ते मन लावून शिकले. तेव्हा कुणी टोकलं नाही. टोकलं ते आता, सगळं पाठ झाल्यावर, तोंडावर आल्यावर. रडू आलं, खरंच. वाटलं, इतरांना कसं कुणीतरी बोट धरून शिकवतं, मलाच प्रत्येक गोष्ट चुकल्यावर कळते.

मग कालचं रेकॉर्डिंग लावलं. टेबलावर काउंटर पडला होता, अंगठ्याने दाबायचा, ज्याच्यावर मी पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची श्वासाची बारीक छिद्रं, मोजते तोच. प्रत्येक 'वॉज ऑब्झर्व्ड', 'वॉज फाउंड', 'वेअर काउंटेड'ला एकदा दाबत गेले. २७ झाले. मग पुन्हा पहिल्यापासून, या वेळी 'आय' मोजायला. एक. अगदी शेवटी, आभार मानताना. म्हणजे सगळ्या बोलण्यात मी येते ती फक्त इतरांचे आभार मानायला.

तो एकचा आकडा बघून राग गेला आणि दुसरंच काहीतरी आलं.

कारण मी होते तिथे. ते ठसे मी घेतले आहेत. जास्वंदीचं पान पालथं धरायचं, पारदर्शक नेलपॉलिशचा एक पातळ हात द्यायचा, श्वाससुद्धा न लागू देता वाळू द्यायचं. मग सेलोटेप दाबून एका कडेने हळूच उचलायची. घाई केली की ठसा ओढला जातो, थर जाड झाला की त्यात बुडबुडे राहतात. नीट उचलला गेला तर टेपवर पानाची सगळी त्वचा उतरते आणि ४०० पट मोठी करून पाहिली की मिटल्या-उघडल्या ओठांसारखी रंध्रं दिसायला लागतात. एका वेळी दिसतं ते वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरहून मोठं नसतं. कडेवर अर्धवट आलेलं रंध्र धरायचं की सोडायचं हे ठरवण्यात माझा एक अख्खा आठवडा गेला. वरच्या-डाव्या कडेचं धरायचं, खालच्या-उजव्या कडेचं सोडायचं, असं शेवटी ठरवलं. ठरवलं, म्हणजे मीच.

६० पानं, प्रत्येकावर सहा जागा: देठाशी, मध्यावर, टोकाशी, आणि तिन्हीकडे एकदा मधल्या शिरेलगत, एकदा कडेला. ३६० ठसे. म्हणणं एवढंच की एकाच पानावर कुठे मोजलं त्यानुसार आकडा बदलतो, तेव्हा कुठे मोजलं ते सांगितलंच पाहिजे. छोटं आहे. पण १९८७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी 'नेचर' या शोधपत्रिकेत दाखवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी गेल्या दोनशे वर्षांत झाडांच्या पानांवरची रंध्रं सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. हर्बेरियममधली, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातली, जुनी, दाबून ठेवलेली पानं मोजून! तेव्हापासून पानाकडे जुन्या हवेची नोंद म्हणून पाहतात, जीवाश्म झालेल्या पानांकडेसुद्धा. मग पानाच्या कुठल्या कोपऱ्यात मोजलं ही बाब छोटी कशी राहील? मला हे मनापासून वाटतं. आणि नेमकं हेच मी कुणीच नसल्यासारखं सांगत होते.

का, ते आता थोडं उमगतंय. मला भीती आहे ती एका प्रश्नाची. कुणीतरी उठून विचारणार, "स्टोमॅटल इंडेक्स का नाही काढला?" वनस्पतिशास्त्रज्ञ सॅलिसबरींनी १९२७ मध्येच तो मांडला आहे: एकूण पेशींमध्ये शेकडा किती रंध्रं, म्हणजे पान पसरलं तरी हिशेब फारसा हलत नाही. मी तो काढलेला नाही. उत्तर मला येतं. माझ्या बऱ्याच ठशांत रंध्रं स्वच्छ उतरली, पण आजूबाजूच्या पेशींच्या भिंती पुसट आल्या. त्या मोजल्या असत्या तर निम्मा अंदाज झाला असता. प्रामाणिक उत्तर आहे. पण ते 'मला नीट दिसलं नाही' असं द्यावं लागतं. 'आढळून आलं' म्हणणाऱ्याला कुणी काही विचारू शकत नाही, कारण तिथे कुणी उभंच नसतं. त्या शब्दाच्या आड मी इतके दिवस किती निवांत होते.

मघाशी स्वयंपाकघरात आईने विचारलं, "नक्की काय बोलणार आहेस गं?" तिला सांगताना एकदाही तसं तोंडात आलं नाही. मी पानं आणली, मी ठसे घेतले, मी मोजलं, आणि मग मला दिसलं. 'मी पाहिलं' आणि 'मला दिसलं' यातला फरकही तेव्हाच जाणवला. पाहणं माझं. दिसणं मात्र पानाने दिलेलं. दोन्ही म्हणायला हवं, आपापल्या जागी. आई ऐकत होती. मग म्हणाली, "एवढं सगळं एकटीने केलंस?" मी विषय बदलला.

तर बसले आणि सगळं नव्याने लिहून काढलं. आलेखातल्या सहा रेषांच्या तीन केल्या, दोन स्लाइड काढून टाकल्या. इंडेक्सचा प्रश्न येण्याची वाट न बघता मीच तो आधी सांगणार, नवव्या स्लाइडवर, एका वाक्यात. फोनवर वेळ लावून उभ्याने बोलले, भिंतीकडे तोंड करून. ११ मिनिटं ४० सेकंद. आवाज पहिल्या मिनिटात थरथरतो. थरथरू दे. परवाही थरथरेल आणि तरी वाक्य पूर्ण होईल, हे आज पाच वेळा बोलून बघितलं.

काउंटरवर २७ चे दोन झाले. ते दोन मला काढता येईनात. दोन्ही पहिल्या आठ पानांबद्दल आहेत. ते ४८ ठसे माझे नाहीत. ताईची वही अजून माझ्याकडे आहे, चार उभ्या रेघांवर एक तिरकी अशा पाचापाचाच्या जुड्या, पेन्सिलीने, एकही खाडाखोड नाही. आठव्या पानाशी थांबते, पुढे कोरी. तिथे 'मी' म्हटलं तर खोटं होईल आणि 'आढळून आलं' म्हटलं तर ती पुसली जाईल. आभाराच्या स्लाइडवर तिचं नाव आहे, सहाव्या ओळीत. तिथून काढून ते मोजणीच्या स्लाइडवर आणलं, ठशांच्या आकड्याशेजारी.

पण तिला विचारल्याशिवाय कसं दाखवणार? मार्चपासून आम्ही बोललेलो नाही. सकाळी फोन करायचा, नऊच्या आत, ती कामाला निघण्याआधी.