आमची वाटचाल: भोसरीचं वर्कशॉप, इंदापूरची तळी

भोसरीत आमचं गिअरबॉक्स जोडणीचं छोटं वर्कशॉप होतं, जॉबवर्कवर चालणारं. इंदापूरकडच्या एका शेतकऱ्याचा बंद पडलेला एअरेटर, म्हणजे तळ्याच्या पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, दुरुस्तीला आला आणि आम्ही या धंद्यात शिरलो. आज मत्स्यतळ्यांसाठी पॅडलव्हील एअरेटर बनवणं, भाड्याने देणं, दुरुस्त करणं हेच मुख्य काम.

शेतकरी नवं यंत्र का घेत नाही, यावर चर्चा निघाली की शिक्षण कमी, माहिती कमी, असं सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. ज्यांनी उसाला ठिबक केलं, शेततळ्याला प्लास्टिक अंथरलं, ती माणसं नव्याला कशाला घाबरतील? त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "रात्री लाईट गेली तर?"

प्रश्न रास्त आहे. शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीला, थ्री फेज वीज आठ तास, तीही पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. तळ्याला हवा लागते पहाटे. रात्रभर शेवाळ, मासे, तळाचा गाळ सगळेच ऑक्सिजन ओढतात आणि उजाडण्याआधी त्याचं पाण्यातलं प्रमाण सर्वांत कमी होतं. पावसाळ्यात ढग हटत नाहीत तेव्हा तर विचारू नका. ऑक्सिजन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की रोहू-कटला पृष्ठावर येऊन तोंड उघडायला लागतात. नेमकी तेव्हा पाळी नसेल तर यंत्र असून नसल्यासारखं. म्हणून आम्ही वस्तीवरच्या सिंगल फेजवर किंवा लहान जनरेटरवर चालेल असा छोटा एअरेटर काढला. आमचा सर्वांत जास्त खपणारा माल आजही तोच.

दुसरी अडचण पैशाच्या वेळेची. बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) सोडायची पावसाळ्यात, पैसा दिसणार मासळी निघाल्यावर, आणि मधल्या काळात निम्म्याहून जास्त खर्च एकट्या खाद्यावर. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. पण ते हातात पडेपर्यंत पैसे आपलेच किंवा बँकेचे गुंततात. आम्ही यंत्र हंगामभर भाड्याने देतो, हिशेब काढणीनंतर. उधारी थोडी बुडते, ती धरूनच भाडं ठरवलंय.

तरंगतं खाद्य मात्र भराभर पसरलं. किती खाल्लं, किती उरलं, समोर दिसतं ना! एअरेटरचा फायदा म्हणजे न मेलेले मासे. ते दाखवणार कसे? म्हणून नव्या गावात पहिलं यंत्र रस्त्यालगतच्या तळ्यावर लावतो. जाता-येता लोक थांबतात, तळेवाल्यालाच विचारतात. आमच्या माहितीपत्रकापेक्षा त्याचं बोलणं जास्त चालतं. प्रात्यक्षिकाला घरच्या ताईंनाही आवर्जून बोलावतो, कारण बऱ्याच ठिकाणी खाद्य त्याच टाकतात आणि मासा सुस्तावलाय हे आधी त्यांनाच कळतं.

बायोफ्लॉकच्या, म्हणजे टाकीत दाटीने मासे वाढवायच्या पद्धतीच्या, लाटेत पुण्यातल्या गच्चीवरून, पार्किंगमधूनही फोन आले. त्या टाक्यांना चोवीस तास हवा लागते. विजेची पर्यायी सोय नसेल त्याला आम्ही सामान विकलं नाही. काहींनी दुसरीकडून घेतलं.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. शेतीच्या दराने वीज मिळेल, म्हणून चौकशी वाढली. सध्या वीज गेली की मोबाईलवर रिंग देणारी पेटी बनवतोय. तिची किंमत शेतकऱ्याला परवडेल इतकी खाली आली, की ती प्रत्येक एअरेटरसोबत देणार.