गुडघ्यातली साखर आणि काळी माती

परभणीत आईला गुडघेदुखीसाठी दाखवायला नेले, तेव्हा "गुडघ्यातले वंगण संपले आहे" असे सांगण्यात आले. परतताना ऑटोत तिने विचारले, "वंगण म्हणजे तेलच का रे?" तेल नव्हे, साखर, असे मी म्हणालो, त्यावर "मला कुठं शुगर हाय?" म्हणून ती गप्प बसली.

मटणाच्या दुकानात बकऱ्याचा गुडघा फोडताना सांध्यातला द्रव चिमटीत घेऊन बोटे दूर केली, तर लाडवाच्या पाकाला निघते तशी तार निघते. पाकाला ती तार साखर दाट झाल्यामुळे येते. सांध्यातल्या द्रवात मात्र दर मिलिलिटरला जेमतेम ३ मिलिग्रॅम हायलुरॉनिक आम्ल, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबलचक साखळी, असते. तार येते ती रेणूच्या लांबीमुळे, कारण ग्लुकुरॉनिक आम्ल आणि ॲसिटाइल ग्लुकोसामीन या दोन साखररूपांची जोडी त्यात एकापुढे एक अशी हजारो वेळा गुंफलेली असते. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये हे आम्ल गाईच्या डोळ्यातील पारदर्शक द्रवातून वेगळे केले.

हाडाच्या टोकावरची पांढरी, गुळगुळीत कूर्चा ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, आणि 'वंगण' या शब्दाने नेमकी तीच झाकली जाते. तिच्यातील कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या तशाच साखरेच्या साखळीत ग्लुकोसामीनच्या जागी गॅलॅक्टोसामीन असते. दोघांत फरक एवढाच, की चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट दुसऱ्या बाजूला वळलेला असतो. शिवाय याच चौथ्या किंवा सहाव्या कार्बनवर सल्फेट बसते, त्यामुळे बहुतेक जोड्यांवर दोन ऋणभार येतात. अशा सुमारे शंभर साखळ्या ॲग्रेकन नावाच्या एका प्रथिनावर ब्रशच्या केसांसारख्या उभ्या असतात, आणि असे कितीतरी ॲग्रेकन हायलुरॉनिक आम्लाच्या एका लांब धाग्याला धरून असतात. ऋणभार सोडियमला ओढून धरतात आणि सोडियमच्या पाठोपाठ पाणी येते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे नवे वाटू नये. काळ्या मातीतील चिकणकणांच्या थरांवरही ऋणभारच असतो, म्हणून ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. कूर्चा मात्र हवी तेवढी फुगू शकत नाही, कारण कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या तंतूंचे जाळे तिला आवळून धरते; पाण्याचा आतून रेटा आणि जाळ्याचा ताण यांच्या ओढाताणीमुळेच ती शरीराचे वजन पेलते. झिजेच्या संधिवाताच्या सुरुवातीला हे जाळे सैल पडते आणि कूर्चेतील पाणी चक्क वाढते. ती मऊ होते, मग ॲग्रेकन तुटून बाहेर जाऊ लागते आणि झीज सुरू होते.

आईला सुचवलेले इंजेक्शन हायलुरॉनिक आम्लाचेच आहे. ते सांध्यातल्या द्रवात मिसळते, काही जणांना काही महिने उतार पडतो. पण झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही. हे समजावून सांगितल्यावर तिने इंजेक्शनची किंमत विचारली आणि तूर्त पाटावर बसून भाकरी थापणे तेवढे बंद केले.