उरलेलं

रविवार, रात्री साडेदहा

आज खाण्याची वही संपली. जूनमध्ये सुरू केली तेव्हा शाळेच्या सामानातली एक दोनशे पानी वही घरात उरलेली होती, तीच घेतली. उरलेली. बघा, इथंही तोच शब्द आला, आणि त्याच शब्दाविषयी लिहायला बसलेय.

नऊ वर्षांत डायबेटिसचं काय केलंस, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एवढंच की गोळ्या घेतल्या. आधी मेटफॉर्मिन, तीन वर्षांपूर्वी त्यात ग्लिमेपिराइडची भर. चहातली साखर सोडून गूळ धरला, कारण गुळानं काही होत नाही यावर आमच्या स्टाफरूमचं एकमत होतं. (गुळानं तेच होतं.) बाकी पथ्य म्हणजे नुसती नकारघंटा: भात नको, बटाटा नको, आंबा नको. मग खायचं काय, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मे महिन्यात तीन महिन्यांची सरासरी शुगर (रिपोर्टमध्ये HbA1c) ९.४ टक्के आली. डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवता येईल, पण आधी आमच्या डाएटिशियनला भेटा.

मी फारशा उत्साहानं गेले नाही. दोन वर्षांपूर्वी मुलानं पुण्याहून पैसे भरून मला कसलंसं पॅकेज घेऊन दिलं होतं. त्यांनी एक तक्ता पाठवला. सकाळी ओट्स, अकरा वाजता ग्रीन टी, दुपारी ब्राऊन राइस. साताऱ्यातल्या शिक्षिकेला अकरा वाजता ग्रीन टी! अकराला माझा सातवीचा गणिताचा तास असतो. तो तक्ता दोन महिने फ्रिजवर होता, वर्गातल्या सुविचारासारखा. रोज दिसायचा आणि कुणी वाचायचं नाही.

ही मुलगी माझ्या लेकाच्या वयाची. तिनं तक्ता दिलाच नाही. म्हणाली, "काकू, पंधरा दिवस काहीही बदलू नका. जे खाता ते फक्त लिहा. किती वाजता, कुठं बसून आणि कुणाबरोबर, तेही लिहा." आणि दंडावर एक सेन्सर लावून दिला, पाच रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. तो चौदा दिवस कातडीखालच्या द्रवातली साखर मोजत राहतो, रक्तापेक्षा पाच-दहा मिनिटं मागं असतो, आणि फोनवर डोंगरांसारखा आलेख काढतो. सासूबाई म्हणाल्या, "त्या यंत्राला सगळं कळतं ना, मग तू कशाला लिहितेस?" प्रश्न रास्त होता.

पहिल्याच भेटीत मी तिला आणखी एक विचारलं होतं. मी अशी हाडकुळी, माझं वजन ५१ किलो, मला का व्हावा डायबेटिस? तिनं एक फोटो दाखवला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता म्हणे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. फोटोत दोघंही सडपातळच दिसतात. आपली चरबी दिसत नाही, आत असते. इतकी वर्षं मी 'बारीक आहे' या एकाच भांडवलावर निर्धास्त होते.

पंधरा दिवसांनी वही आणि आलेख घेऊन बसलो. आषाढी एकादशी नेमकी त्यात आली होती, आणि साबुदाण्याच्या खिचडीनं २६८ पर्यंत उडी मारलेली दिसली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, पोटात गेला की साखरच. उपासाचं म्हणून आपण त्याला सात्त्विक समजतो. स्टाफरूममधल्या वाढदिवसाचे दोन कंदी पेढे मी घाबरत घाबरत लिहिले होते, पण ते खिचडीपुढं टेकाडासारखे दिसत होते. पण ती भलत्याच ठिकाणी बोट ठेवून बसली होती. रात्री पावणेदहा. चौदापैकी दहा-अकरा दिवस तिथून नवा डोंगर चढायला लागतो, आणि वहीत पावणेदहाला काहीच नाही.

"काकू, पावणेदहाला काय असतं?"

"काही नाही. जेवण साडेआठला होतं."

मी खोटं बोलत नव्हते, हे लिहून ठेवते. मला खरंच माहीत नव्हतं.

त्या रात्री लक्ष ठेवलं. सगळे जेवून उठले. मी झाकपाक करायला लागले. पातेल्यात दोन पळ्या भात होता, तळाशी घोटभर वरण. सासूबाईंच्या ताटात अर्धी पोळी. ओट्याशी उभी राहून, डाव्या हातानं नळ सोडत, उजव्या हातानं तो भात वरणात कालवून मी खाल्ला, पातेल्यातच. अर्धी पोळी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. दोन मिनिटंही लागली नाहीत. पातेलं सिंकमध्ये गेलं आणि सगळं स्वच्छ झालं. हे 'खाणं' आहे असं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते आवरणं होतं. घड्याळात पाहिलं, नऊ त्रेचाळीस.

पुढच्या पंधरवड्यात तेही लिहायचं ठरलं. पुढल्या भेटीत ती पानं उलटत म्हणाली, "तुमच्या वहीत 'उरलेलं' हा शब्द फार येतो." मग आम्ही दोघींनी मोजलं. उरलेला भात. सकाळचे उरलेले पोहे, सव्वानऊला, डबा भरून झाल्यावर. नातवानं टाकलेला शिरा. कालची उरलेली खीर, 'नासेल म्हणून'. पंधरा दिवसांत तेवीस वेळा.

तेव्हा मला सहा वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यावर दोन दिवस मी घरात फारशी बोलले नाही. ह्यांना बीपी निघालं होतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकात मीठ कमी झालं, सगळ्यांच्याच. पापड आणि लोणचं टेबलावरून गेलं. मीच केलं ते सगळं, कुणी सांगितलं नव्हतं. मला साखर निघाली तेव्हा मात्र सगळे प्रेमानं म्हणाले, "तू भात खाऊ नकोस हं." भात तेवढाच शिजत राहिला. शिजवणारी मी, न खाणारी मी आणि उरला की संपवणारीही मीच. बाईचं पथ्य तिनं स्वतःच्या ताटात करायचं, पातेल्यात नाही. याचा राग मला ह्यांचा जितका आला त्याहून जास्त स्वतःचा आला.

यावरचा उपाय ऐकून मला हसू आलं होतं. "काकू, दोन वाटी तांदूळ लावता ना? सव्वा लावा."

"आणि कमी पडला तर?"

"पडू दे की."

तिला सांगायला काय जातं! पाहुणा आला तर, अचानक कुणाला भूक लागली तर, या धाकात पस्तीस वर्षं माझा हात तांदळाच्या डब्यात एक मूठ जास्तच गेला आहे. पहिल्या दिवशी खरंच कमी पडला. हे पातेल्यात डोकावून "भात नाही?" म्हणाले, लाइट गेल्यावर विचारतात तशा सुरात. मी म्हटलं, "नाही. भाकरी आहे." त्यांनी भाकरी घेतली. एवढंच झालं.

बाकीचे बदल फार मोठे नाहीत, पण सगळे माझ्याच स्वयंपाकघरातले. मी थापते ती ज्वारीची भाकरी तव्याएवढी. ज्वारीची आहे म्हणून दोन खायचे. तिनं पीठ मोजायला लावलं तर एका भाकरीला पाऊण वाटी! आता वजनाकाट्यावर न मोजता मुठीनं घेते, भाकरी लहान झाली आणि मटकीची उसळ एका वाटीच्या जागी दोन. आधी काकडी किंवा कोबीची कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, सगळ्यात शेवटी चार घास भात. जिन्नस तेच, नुसता क्रम बदलला तरी आलेख बसका होतो, हे दुसऱ्या सेन्सरवर मी डोळ्यांनी पाहिलं, नाहीतर विश्वास ठेवला नसता. शाळेतून आल्यावर खारी-टोस्ट जायचे, तिथं फुटाणे आले. खारी अजून आठवते.

जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायचं होतं. चालणारे स्नायू रक्तातली साखर परस्पर ओढून घेतात. मी विचारलं, भांडी घासणं धरता येईल का? म्हणाली, "ती काकांना घासू दे, तुम्ही चाला." हे रविवारी घासतात आणि आठवडाभर त्याविषयी बोलतात. पण मी चालते. रोज कोपऱ्यापर्यंत, रविवारी सकाळी टेकडीवरच्या चार भिंती स्मारकापर्यंत.

सगळं सुरळीत झालं असं नाही. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मी सवयीनं उपास धरला आणि सवयीनंच सकाळची ग्लिमेपिराइडही घेतली, वर फक्त चहा. ही गोळी पोट रिकामं असलं तरी साखर खाली आणते. चौथ्या तासाला फळ्यावर अपूर्णांक लिहिताना हात थरथरायला लागला, दरदरून घाम, छेद कुठला आणि अंश कुठला कळेना. पर्समधल्या मशीनवर ५८. सत्तरच्या खाली गेली की थांबायचं नाही हे मला ठाऊक होतं. शिपाईमामांनी पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली तेव्हा ८४ होती. नऊ वर्षं जिला घाबरले तीच साखर पेल्यातून घटाघट प्यायले, आणि पोरं एवढी चिडीचूप पुन्हा कधी बसली नाहीत. डॉक्टर चिडले, माझ्यावर नाही तर उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे आधी बोलणं न झाल्यावर. खाणं बदललं की गोळ्याही पुन्हा बघाव्या लागतात. सप्टेंबरात त्यांनीच ती गोळी बंद केली. उपास मी सोडला नाही, पण आता राजगिऱ्याची छोटी भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि दही.

सप्टेंबरअखेर तीन महिन्यांची शुगर ७.३. ही शुगर रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून मोजतात आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणजे आषाढी-श्रावणाचा सगळा हिशेब त्या एका आकड्यात आला. ह्यांनी लगेच एक व्हिडिओ पाठवला, 'डायबेटिस कायमचा घालवा'. त्यात सांगितलेल्या इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या अभ्यासाचं मी डॉक्टरांना विचारलं. वर्षभरात ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात आली हे खरं आहे, म्हणाले, पण ती माणसं २७ च्या वरच्या बीएमआयची, आजार सहा वर्षांच्या आतला, आणि त्यांनी वजन भरपूर उतरवलं. माझ्याकडे उतरवायला वजनच नाही. मला सकाळची उपाशीपोटीची साखर अजून १४० च्या आसपास दिसते, रात्री काही न खाताही. पहाटे यकृत स्वतःच साखर सोडतं. त्यावर माझ्यापुरता अजून उपाय सापडलेला नाही.

काल सासूबाई शेजारी बसून ही वही चाळत होत्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत, चष्मा कपाळावर चढवून वाचतात. 'उरलेलं'च्या खाली मी लाल पेनानं रेघा मारल्या आहेत, पेपर तपासायची सवय. त्या एकेका रेघेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तर उरलं नाही तर उपाशीच झोपायचे गं. कधी कधी." आणि वही मिटून ठेवली. पस्तीस वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

आज त्यांचं ताट मी पहिल्यांदा वाढलं, मग माझं, मग ह्यांचं. चौघांचा स्वयंपाक होता, लेक आला आहे. तरीही पळीभर भात उरलाच. डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला, सकाळी ह्यांना फोडणीचा भात होईल. मला मुगाचं धिरडं, डाळ भिजत घातली आहे. उद्या शाळेतून येताना मोती चौकातून नवी वही आणायची आहे. दोन आणीन. सासूबाईंनी त्यांच्यासाठीही सांगितली आहे, पण रेघांची नको म्हणाल्या, कोरी पाहिजे.